बासष्ट नंबरची टोपी

मालनवहिनी टोप्या शिवतात. शहाडला आमच्या चाळीत त्यांची खोली पहिली, माझी तिसरी. बाहेर पाटी नाही. खिडकीत लाकडी साच्यावर एक काळी टोपी बसवलेली असते. ज्याला हवी असते त्याला तेवढं पुरतं.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ओतशाळेत पॅटर्न बनवायचो. म्हणजे पोलादाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करायचा. एकतीस वर्षं केलं. त्यामुळे दुसऱ्याच्या हातकामाकडे मी चूक शोधतच बघतो. वहिनींच्या कामात मला चूक सापडली नाही. एकदा सापडली, ती माझी निघाली. ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

वहिनी मूळच्या माण तालुक्यातल्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कल्याणला आल्या. सासऱ्यांचं जुन्या बाजारात टोप्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक मशीन आणि मागे मांडी घालण्यापुरती जागा. सासऱ्यांना मुलाला शिकवायचं होतं. मुलगा म्हणजे आमचा तानाजी. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाला. त्याने हात लावलेल्या पांढऱ्या कापडावर पाची बोटं उमटायची. सासऱ्यांनी त्याचा नाद सोडला आणि सुनेला बसवलं.

पहिलं वर्षभर त्यांनी सुनेला टोपीची फक्त आतली बाजू शिवायला दिली. आत गाठ राहिली की ती कपाळाला टोचते. म्हातारा टोपी स्वतःच्या कपाळावर घासून बघायचा आणि टोचली की न बोलता उसवायचा. एक टोपी त्याने अकरा वेळा उसवली. वहिनी हे सांगताना हसतात. "बाराव्या वेळी पण त्याने काही म्हटलं नाही. नुसती गिऱ्हाइकाला दिली. मला तेवढ्यात समजलं," असं त्या म्हणतात.

काळ्या टोपीला चार तास लागतात, वाळवण सोडून. कापड बेतायचं, आत बक्रमचं कडक कापड घालायचं, मैद्याची खळ लावायची, इस्त्री करायची आणि साच्यावर ताणून सावलीत वाळवायचं. मग अस्तर, आणि घामासाठी आतून पट्टी. ही दोन्ही हाताने शिवायची. एखादी टोपी तीन तासांत झाली तर वहिनी खूश होत नाहीत. थांबतात आणि काय राहिलं ते शोधतात.

दुकान इमारतीबरोबर पडलं. नवीन इमारतीत त्या जागेवर लिफ्ट आहे. वहिनींनी मशीन आणि साचे शहाडला आणले. त्यातला एक साचा चिरलेला होता, तो घेऊन तानाजी माझ्याकडे आला. मी चिकटवला नाही, सागाचा नवीन केला. वहिनींनी त्याच्यावरून हात फिरवला, मोजमापाची दोरी लावली आणि म्हणाल्या, "भावोजी, डाव्या कानाच्या वर थोडं जास्त घेतलंय."

खरंच होतं. अर्ध्या सुताइतकं. त्यानंतर वीस वर्षांत त्यांचे सगळे साचे मीच केले.

डोक्याचं माप असल्याशिवाय त्या टोपी शिवत नाहीत. आता काळी टोपी घालणारे थोडे राहिले. पण डोंबिवलीच्या प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी, सकाळी फिरायला जाताना घालायला रुंद काठाची सुती हॅट शिवून घेतली. काठ लोंबू नये म्हणून वहिनींनी त्याला गोल गोल अकरा वेढे टीप मारली. आज बाईंच्या मंडळातल्या बावीस जणी तशाच हॅट घालून फिरतात. चाळीतले टारगट विचारतात, "काकू, आज कुणाला टोपी घातली?" वहिनी मान वर न करता म्हणतात, "डोकं होतं त्याला. तू जा."

गेल्या जानेवारीत वहिनींच्या मुलीचं, अक्षदाचं लग्न ठरलं. मुलगा प्रशांत, मुरबाडकडचा, कल्याणला एका औषधांच्या गोदामात नोकरीला. पोरांनी आपलं आपण जमवलं होतं. दोन्ही घरांनी फक्त मान डोलवायची होती, ती डोलवली. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली.

मग मानपानाचा विषय निघाला. आपल्याकडे लग्नात वडीलधाऱ्यांना टोपी, टॉवेल आणि नारळ देतात. माइकवर नाव पुकारतात, माणूस उठतो, यजमान त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो. या टोप्या डझनावारी आणतात, सगळ्या एका मापाच्या. कुणालाच बसत नाहीत. फोटोपुरती टोपी डोक्यावर राहते, मग पिशवीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर. आमच्या चाळीतून गेलेली एक टोपी चार लग्नं फिरून आमच्याच चाळीत परत आली. आत पेन्सिलने केलेली खूण होती म्हणून कळलं.

वहिनींना ही तऱ्हा कधीच पटली नव्हती. त्यांनी तानाजीला सांगितलं, "माझ्या लेकीच्या लग्नात असली टोपी चालणार नाही. मुलाकडच्या पस्तीस जणांना मान आहे. पस्तिसांची मापं मागवा."

"अगं, लग्न आहे की जनगणना?" तानाजी म्हणाला.

"मापं मागवा."

पस्तीस टोप्या, प्रत्येकी चार तास. एकशे चाळीस तास. लग्नघरातली कामं सांभाळून. मी हिशेब सांगितला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग आजच बसायला हवं," आणि बसल्या.

प्रशांतने मापं आणली. दोऱ्यांचे तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी. चौतीस होते.

"पस्तिसावा?"

प्रशांतने चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. मग म्हणाला, "मावशी, आबांचं सोडा. ते टोपी घेणार नाहीत."

आबा म्हणजे काळुराम, प्रशांतचे थोरले चुलते. प्रशांतचे वडील तो सहा वर्षांचा असताना गेले. काळुरामआबांनीच त्याला वाढवलं. घरातला सगळ्यात मोठा मान त्यांचा. पण त्यांचं डोकं मोठं. कुठल्याच लग्नातली टोपी त्यांच्या डोक्यात शिरायची नाही, वर होडीसारखी तरंगायची. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात मान घेतल्यावर ते नवरदेवाच्या आजीच्या पाया पडायला वाकले. टोपी घरंगळली आणि आजीच्या मांडीवर जाऊन पडली. सगळा मांडव हसला. आबा न जेवता घरी गेले. तेव्हापासून लग्नाला जातात, पण डोक्याला टॉवेल गुंडाळून शेवटच्या रांगेत बसतात. नाव पुकारलं तर उठत नाहीत.

"ते उठले नाहीत तर लोक काय म्हणतील माहितीये ना," प्रशांत म्हणाला. "मुलीकडच्यांनी थोरल्याचा मान राखला नाही. गावात हेच फिरणार. म्हणून म्हणतो, नावच पुकारू नका."

वहिनींनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली. "टोपीवालीच्या घरातून त्यांच्याकडे मुलगी जाणार, आणि त्यांच्याच डोक्यावर टोपी नाही? मग मी इतकी वर्षं काय शिवत बसले? माप आण."

"देणार नाहीत."

"न्हाव्याकडे जातात ना?"

पुढच्या रविवारी प्रशांत काडेपेटी घेऊन आला. आत सुतळी होती, मापाशी गाठ मारलेली. गावच्या न्हाव्याने दाढी करताना आबांचे डोळे मिटलेले बघून डोक्याभोवती फिरवून घेतली होती. आबांनी विचारलं होतं, "काय रे, काय करतोस?" न्हावी म्हणाला होता, "माशी हाकलतोय."

वहिनींनी सुतळी टेपला लावली. बासष्ट सेंटिमीटर. साठाच्या वरचा साचा त्यांच्याकडे नव्हता. म्हणून मला सांगितलं, "भावोजी, बासष्टचा करा. ह्यावर माझं सगळं आहे."

मी केला. सागाचा तुकडा चांगला निघाला, गाठ नव्हती. पण मला चार दिवस उशीर झाला. एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, काम हळू चाललं होतं. साचा दिला तेव्हा हळदीला सहा दिवस उरले होते. वहिनी नेहमी साच्याला दोरी लावून बघतात. त्या दिवशी घरात पापडांचे डबे, पाहुणे आणि बांगड्यावाली. त्यांनी साच्यावरून हात फिरवला आणि कामाला घेतला. चार तासांची टोपी त्यांनी सहा तास शिवली. आतून मऊ तपकिरी अस्तर, एकही गाठ लागत नव्हती. मी माझ्या कपाळावर घासून बघितली.

लग्न कल्याणला मुरबाड रोडच्या एका हॉलमध्ये होतं. मुहूर्त अकरा बावन्नचा. साडेदहाला मानपान सुरू झाला. तानाजी एकेकाच्या डोक्यावर टोपी ठेवत होता आणि टोपी बसत होती. पहिल्या दोघांना ते जाणवलंच नाही. तिसऱ्याने टोपी काढून आत बघितलं, पुन्हा घातली, शेजाऱ्याला म्हणाला, "आयला, माझीच हाय!" मग कुजबुज झाली. मान घेतलेला एकही म्हातारा टोपी पिशवीत टाकेना.

वहिनी खांबाशी उभ्या होत्या, हिरवी पैठणी नेसून. त्यांचं लक्ष शेवटच्या रांगेकडे होतं. तिथे काळुरामआबा बसले होते. उंच माणूस. डोक्याला पांढरा टॉवेल.

माइकवाला ओरडला, "मुलाचे थोरले काका, श्री. काळुराम आबा!"

आबा हलले नाहीत. दोनदा पुकारलं. लोक मागे वळून बघायला लागले. प्रशांत मुंडावळ्यांतून बघत होता. त्याचा चेहरा उतरला.

वहिनींनी तानाजीच्या हातातून टोपी घेतली आणि स्वतः चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. मी मागे.

"दादा, मान घ्या."

"विहीणबाई, तुमचा राग नाय. माझ्या डोक्याची टोपी देवाने केली नाय. लोकांना हसू कशाला?"

"ही मी केली आहे. तुमच्याच मापाची."

"माझं माप तुमच्याकडं कुठनं?"

"न्हाव्याकडनं. माशी हाकलताना घेतलं."

आबांनी डोळे बारीक केले. मग त्यांना आठवलं असावं. तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांनी टॉवेल सोडला. लग्नासाठी केस बारीक कापून आले होते. त्यांनी मान खाली केली आणि वहिनींनी दोन्ही हातांनी टोपी ठेवली.

टोपी खाली आली. कपाळावरून भुवयांवर आली. मागून कानांवर टेकली. आबांचे डोळे अर्धे झाकले गेले.

वहिनी पांढऱ्या पडल्या. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार आणि पुन्हा कुठल्याच लग्नाला दिसणार नाही.

आबांनी टोपी चाचपली. पुढून, मागून. बोट आत घालून फिरवलं. बोट सहज फिरलं.

"अरे," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अरे, मोठी झाली! मला टोपी मोठी झाली!"

आणि हसायला लागले. इतके हसले की टोपी नाकावर आली. "ए सहदेवा, हे बघ! काळुरामला टोपी ढिल्ली! आजवर एक तरी शिरली होती का आत?" सहदेव म्हणजे त्यांचा साडू. तोही हसत उठला. सगळे हसले, पण आता आबा पुढे होते. भुवयांपर्यंत टोपी ओढून ते रांगांमधून फिरले, प्रत्येकाला बोट आत घालून दाखवत.

कुणीही इथे सुटकेचा श्वास घेतला असता. तानाजीने घेतला. वहिनींनी नाही.

त्या आबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "द्या इकडे. ती चुकली आहे."

"अहो झ्याक हाय! ऱ्हाऊ दे."

"डोळ्यावर येणारी टोपी म्हणजे टोपी नव्हे, दादा. पातेलं आहे. द्या."

"नाय द्यायचा. मान दिला तो परत घेतात का?"

"जेवायच्या आधी परत देते. नाही, माळा पडायच्या आधी देते."

गुरुजींनी अंतरपाट हातात घेतला होता. वहिनींच्या घरची रीत अशी की मुलीच्या आईने लग्न लागताना बघायचं नाही. आतल्या खोलीत तुळशीपाशी बसायचं आणि तिला पाणी घालायचं. वहिनी आत गेल्या. आबा टोपी सोडेनात, म्हणून तेही मागोमाग गेले, आणि मीही. "मी समोर बसणार. टोपी बदलली तर मला कळेल," असं म्हणून खुर्ची ओढून बसले.

वहिनींनी तुळशीला पाणी घातलं, हात पुसले आणि पर्समधून सुई, काळा दोरा, कात्री आणि पितळी अंगुस्तान काढलं. मधल्या बोटावर चढवलं. टोपी आबांच्या हातून घेऊन टेप लावली.

"त्रेसष्ट आणि वर दोन रेघा."

मी मनात हिशेब केला. बासष्टवर शेकडा दोन. आणि मला कळलं. ओतशाळेत आमची मोजपट्टी वेगळी असते. पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचं माप शंभराला दोनने मोठंच आखलेलं असतं. निवृत्त होताना मी ती घरी आणली होती. माझी साधी पट्टी आणि ती, दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने मी ओतशाळेची उचलली होती.

"वहिनी, साचा माझा चुकला," मी म्हणालो आणि कारण सांगितलं.

त्या पट्टी उसवत होत्या. "दोरी मी लावून बघितली नाही. केस कापून येतील हे पण मला सुचायला हवं होतं. माझी चूक."

"साचा मी केला."

"टोपी मी केली."

"भांडा नंतर," आबा म्हणाले. "बाहेर चालू झालं."

पहिली मंगलाष्टका सुरू झाली होती. मी दारात उभा राहिलो. एका कानाने आत, एका कानाने बाहेर. पहिलीला आतली पट्टी सुटली. दुसरीला अस्तर. तिसरीला मागची शिवण उघडली आणि वहिनींनी दीड सेंटिमीटर आत घेऊन टाचणी मारली. आबांच्या डोक्यावर ठेवून बघितली, काढली.

"थोडी ढिल्ली ऱ्हाऊ दे की," आबा म्हणाले. "लोकांना दाखवाया."

"मापात राहील."

"लय कडक हो तुम्ही. पोरगी पण अशीच हाय का?"

"पोरगी जास्त."

"मग प्रशांतचं अवघड हाय," आबा समाधानाने म्हणाले.

चौथीला शिवण परत घातली. पाचवीला अस्तर. बाहेर गुरुजींचा आवाज ऐकू आला, "आता शेवटची, तदेव लग्नं..." वहिनींनी हात न थांबवता मान हलवली. आतली पट्टी अजून पूर्ण राहिली होती. पाऊण मिनिटात ती होणारी नव्हती. म्हणजे झाली असती, पण मोठ्या टाक्यांनी. त्या मोठे टाके घालणार नव्हत्या.

मी धावलो. मांडवात माइकच्या बाजूला प्रमोदिनीबाई उभ्या होत्या, हातात घडी केलेला कागद. अक्षदासाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टका रचून आणली होती, आणि फार लांब आहे म्हणून गुरुजींनी ती बाजूला ठेवायला लावली होती.

"बाई, म्हणा," मी म्हणालो.

"अहो, पण गुरुजी..."

"मुहूर्ताला सहा मिनिटं आहेत. सगळी म्हणा. मालनवहिनींना वेळ हवा आहे."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. माइक घेतला आणि कागद उलगडला. कागद लांब होता. अक्षदाच्या बालपणापासून सुरुवात होती. चाल सुंदर, आवाज कणखर. गुरुजींनी दोनदा घड्याळ दाखवलं, बाईंनी डोळे मिटून घेतले. पाहुणे अक्षता मुठीत धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. बाई शाळेपर्यंत पोचल्या, मग कॉलेज, मग नोकरी. इतकी लांब मंगलाष्टका मी ऐकलेली नाही आणि इतकी आवडलेली पण नाही.

मी परत आत आलो. वहिनींचा हात एकाच चालीने चालला होता. बारीक टाका, ओढ, बारीक टाका, ओढ. घाई दिसत नव्हती. शेवटची गाठ त्यांनी अस्तराच्या आत सरकवली, दोरा दातांनी तोडला आणि टोपी उलटी करून कपाळावर घासली.

"घ्या, दादा."

आबांनी घातली. या वेळी बोट आत गेलं नाही. त्यांनी मान डावी-उजवी केली. मग टॉवेल खांद्यावर टाकून उठले आणि बाहेर गेले.

"शुभ मंगल सावधान" झालं. सनई, टाळ्या, अक्षता. वहिनी तुळशीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भावोजी, बघून या."

मी बघून आलो. आबा मांडवात अगदी पुढे होते. दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकून ते गुरुजींच्या पाया पडायला वाकले होते, आणि नंतर, गरज नसताना, प्रमोदिनीबाईंच्या.

"बसली का?" वहिनींनी विचारलं.

"बसली."

"मागून?"

"मागून पण. दोनदा वाकले. हलली नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"अहो, आणि लग्न?"

"ते पण लागलं."

"अगं बाई!" म्हणत त्या उठल्या आणि बोटातलं अंगुस्तान तसंच ठेवून लेकीला बघायला धावल्या.